नस, शीर, मज्जातंतू, चेतातंतू : नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

आईची मान दुखत होती. डॉक्टर म्हणाले, ‘नस दबली आहे.’ घरी आल्यावर बाबा म्हणाले ‘मज्जातंतू’, तर नववीतली लेक म्हणाली, ‘आजोबा, चेतातंतू म्हणतात त्याला.’ मागे सलाईन लावताना सिस्टरही ‘नस सापडत नाही’ म्हणत होत्या. ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का?

पहिला प्रतिसाद

नाही. सलाईनची नस म्हणजे शीर, रक्तवाहिनी. मानेत दबते ती चेता, म्हणजे निरोप नेणाऱ्या चेतातंतूंची जुडी. बोलीत ‘नस’ दोन्हींना चालतो आणि बोलताना काही अडतही नाही. लिहिताना मात्र तो टाळावा, कारण नस म्हटलं की नळी डोळ्यांपुढे येते, आणि चेतातंतूतून रक्तासारखा निरोप वाहत नाही.

‘मज्जातंतू’ हा चेतातंतूसाठीच आमच्या पिढीचा शब्द, कानाला अजून गोड लागतो. पण मज्जा म्हणजे हाडातला मगज. अस्थिमज्जा (हाडातली) आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातला, म्हणजेच मेरुरज्जू) एकाच बातमीत आले की वाचणाऱ्याची गल्लत झालीच म्हणून समजा.

दुसरा प्रतिसाद

मी बरीच वर्षं कोलकात्यात राहते. इथे ‘स्नायू’ म्हणजे आपली चेता, आणि ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू! सुरुवातीला दवाखान्यात फार गोंधळ व्हायचा. पुढे कळलं की संस्कृतात स्नायू म्हणजे शरीरातले चिवट बंध. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही जुना अर्थ तोच, धनुष्याची दोरीसुद्धा. जुन्या लोकांना हे पांढरे चिवट धागे सारखेच दिसले असणार.

तिसरा प्रतिसाद

मला ‘चेता’ हाच शब्द सर्वांत खरा वाटतो, आणि त्याचं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपण चूल चेतवतो. चेतापेशीच्या लांब शेपटीतून, म्हणजे अक्षतंतूतून, निरोप जातो तो असाच चेतत जातो. एका जागी पेशीच्या आवरणातली दारं उघडतात, सोडियमचे भारित कण आत घुसतात, आणि त्या धक्क्याने पुढच्या जागची दारं उघडतात. वात जळत जावी तसं. फरक इतकाच की ही वात क्षणात पुन्हा पेटायला तयार होते. मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असलेल्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात जातो. वेष्टन नसलेल्या, वेदना नेणाऱ्या बारीक तंतूंत तो जेमतेम 1 मीटर असतो. प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टीला मानसशास्त्रात ‘उद्दीपक’ म्हणतात, त्यातही दीप आहेच.

माझी तक्रार आहे ती पाठ्यपुस्तकातल्या ‘संपर्कस्थान’ या शब्दाबद्दल. दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे बहुधा संपर्क नसतोच! मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते. एका बाजूने रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडची पेशी चेतवतं किंवा शांत करतं. ही फट मानायची की नाही यावरच कॅमिलो गॉल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञांचं वाजलं होतं. गॉल्जींना सगळं एकसंध जाळं वाटे, काहाल म्हणत पेशी सुट्या आहेत. 1906 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तरी मतभेद मिटला नाही. पुढे काहालच बरोबर ठरले.

म्हणून मी ‘चेतासंधी’ वापरतो. संधीच्या घराण्यात ‘सांधा’ आहे आणि दाराची ‘सांद’ही आहे. जोड आणि फट, दोन्ही एकाच शब्दात.

मूळ प्रश्नकर्ती

‘चेतासंधी’ लेकीला फार आवडला. तिचा एक प्रश्न आहे : तव्याला बोट लागल्यावर हात झटकतो, त्याला पुस्तकात ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणतात; ती नुसती प्रतिक्रिया का नाही?

तिसरा प्रतिसाद, पुढे

कारण तिथे विचाराला वेळच नसतो. क्षिप्त म्हणजे फेकलेलं, प्रतिक्षिप्त म्हणजे उलट फेकलेलं. बोटाकडून आलेला निरोप मेरुरज्जूतूनच दंडाच्या स्नायूंकडे परत फेकला जातो. चटका मेंदूला कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. पण पाहुण्यांसमोर गरम चहाचा कप हातात असेल, तर भाजत असूनही आपण तो सावकाश खाली ठेवतो. तिथे मेंदूने वरून लगाम लावलेला असतो. तेव्हा ‘टीकेवर त्यांची प्रतिक्षिप्त क्रिया काय होती’ असं विचारू नये. तिथे प्रतिक्रियाच हवी.