'तासाभरात तुमचं स्टेशन जगभर'? डाँगल लावला की झालं, हे सांगणं थांबवा

चाळीसमीटर, कोथरूड
कालच्या पोस्टीत लिहिलंय: 'आरटीएल-एसडीआर लावा, रास्पबेरी पायवर ओपनवेबआरएक्स टाका, तासाभरात स्टेशन जगभर.' म्हणजे हॅम रेडिओ ऐकवणारा यूएसबी रिसीव्हर छोट्या संगणकाला लावायचा आणि कुणालाही ब्राउझरमधून तो ट्यून करू देणारं सॉफ्टवेअर चालवायचं. नव्या मुलांची ही शुद्ध दिशाभूल आहे. आरटीएल-एसडीआरचा व्ही३ डाँगल डायरेक्ट सँपलिंगला (अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलताना) ८ बिटचा, घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं. त्यामुळे २१.७ मेगाहर्ट्झवरचं १३ मीटरचं प्रसारण उलटून (२८.८ वजा २१.७) थेट ७.१ वर, आपल्या ४० मीटर हॅम बँडमध्ये, येऊन बसतं. त्यात आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झवरचं मध्यम लहरींचं प्रसारण अंगावर. डाँगलच्या पुढे १० मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा लो-पास फिल्टर आणि मध्यम लहरी अडवणारा हाय-पास फिल्टर नसेल, तर लोकांना ऐकवणार काय?

वारजेकर
फिल्टर हवेत, मान्य. पण म्हणून सुरूच करायचं नाही का? खरी अडचण पुढे आहे. ब्रॉडबँड सीजीनॅटमागे असलं (म्हणजे कंपनीनं एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटला) की राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. घरून ऑडिओ भाड्याच्या सर्व्हरवर ढकला, आइसकास्ट (एकच ऑडिओ अनेकांना वाटणारं सॉफ्टवेअर) तिथे चालवा. एसएसबीला, म्हणजे हॅमच्या बोलण्याच्या मोडला, ओपस कोडेक, मोनो, २४ केबीपीएस पुरतं. ऐकणारे वाढले तरी घरचा अपलोड तेवढाच.

चाळीसमीटर, कोथरूड
मग ऐकणाऱ्याच्या हातात ट्यूनिंग राहिलं कुठे? एक फ्रिक्वेन्सी, एक मोड, वर कित्येक सेकंदांचा उशीर. ट्यूनिंग द्यायचं तर भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड व्हीपीएनचा बोगदा काढून ओपनवेबआरएक्सच बाहेर आणा.

क्यूआरपी, औंध
मला मुळातच हे पटत नाही. हॅम स्पर्धेत लोक असा इंटरनेटवरचा दुसऱ्याचा रिसीव्हर ऐकून गुण मिळवतात. सीक्यू डब्ल्यूडब्ल्यू या जागतिक स्पर्धेत ट्रान्समीटर-रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावे लागतात, तो नियम उगाच नाही.

वारजेकर
तो दोष लबाडी करणाऱ्याचा, रिसीव्हर लावणाऱ्याचा नाही!

गच्चीवाला, बाणेर
तुम्ही नियमांवर भांडताय आणि इथे वॉटरफॉलमध्ये (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात) नुसती खरखर. ६०-१०० किलोहर्ट्झच्या अंतरानं सरकणाऱ्या रेघा दिसल्या की एसएमपीएस (चार्जर-अडॅप्टरमधला स्विचिंग पॉवर सप्लाय) समजा. सूर्य मावळला की नॉइज जातो? सोलर इन्व्हर्टर. गच्चीवरून खाली येणाऱ्या डीसी तारा अँटेनाच होतात. लिफ्ट हलताना येतो? तिचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. सोसायटीला पत्रं लिहिण्याआधी केबलवरून येणारा नॉइज अडवणारे चोक घाला: एफटी२४०-३१ फेराइट कोअरवर आरजी-५८ कोअॅक्स केबलचे १०-१२ वेढे, एक डायपोल अँटेनाच्या फीडपॉइंटला (केबल जोडते तिथे), दुसरा केबल घरात शिरते तिथे.

क्यूआरपी, औंध
दुसरा कशाला? अँटेनाला बलून (अँटेना आणि केबल जुळवणारा भाग) आहे ना.

गच्चीवाला, बाणेर
अहो, घरातला कचरा कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून वर अँटेनाकडे चढतो. व्होल्टेज बलून तो अडवत नाही. आणि पिवळ्या लोखंडी पावडरीचे कोअर घेऊ नका, ७ मेगाहर्ट्झवर चोक म्हणून ते निरुपयोगी.

क्यूआरपी, औंध
चोकचं ठीक, तेवढं मान्य. स्पर्धेचं नाही.

चाळीसमीटर, कोथरूड
मी तेच म्हणतोय, आधी नॉइज साफ करा, मग स्ट्रीम.

वारजेकर
बरं, पण नॉइज कुठून येतो ते कसं शोधायचं तेही सांगा, नुसतं 'आधी साफ करा' म्हणून भागत नाही.

गच्चीवाला, बाणेर
रास्पबेरी पाय आणि डाँगल पॉवर बँकेवर चालवा, वॉटरफॉल बॅटरीवरच्या लॅपटॉपवर उघडा. घरचा मेन एमसीबी खाली करा. राउटर बंद पडेल, म्हणून लॅपटॉप रास्पबेरी पायला लॅन केबलनं थेट जोडा. रेघा गेल्या तर दोष घरातच. एकेक एमसीबी वर करत शोधा. पहिला संशय स्वस्त एलईडी ड्रायव्हर आणि मोबाइल चार्जरवर घ्या.