‘नेंगो’ला मराठीत काय म्हणायचं? शक, युग की सन?

पानगळ: जपानच्या इतिहासावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. नेंगो म्हणजे दरबाराने काळाला दिलेलं नाव, ते बदललं की वर्षं पुन्हा १ पासून मोजायची. कामाकुरा काळात दरबाराने १२३८ संपता संपता ‘ऱ्याकुनिन’ नावाचा नेंगो सुरू केला आणि १२३९ च्या मार्चमध्ये मोडीत काढला, जेमतेम अडीच महिने. मी ‘युग’ लिहिलं तर संपादक हसले, म्हणे एवढुसं युग असतं का. सुचवा काहीतरी.

खडूफळा: शक लिहा की. शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, सगळ्यांना कळतं.

पानगळ: शक म्हटलं की शककर्ता आला हो. इथे गादीवर सम्राट शिजो, म्हणजे सात-आठ वर्षांचं पोर! नाव पंडित ठरवणार, चिनी ग्रंथांतली दोन अक्षरं जुळवून. भूकंप झाला, साथ आली, आकाशात काही वेडंवाकडं दिसलं की बदला नाव. त्यात मधे नवीन वर्ष लागलं म्हणून अडीच महिन्यांत ‘ऱ्याकुनिन २’ पण झालं.

शुद्धमती: शक हे परक्या टोळीचं नाव, सन अरबी. आपला ‘संवत्सर’ असताना उसनवारी कशाला?

बखरबहाद्दर: अहो संवत्सर एका वर्षाचं, ६० चं चक्र. तसं चक्र जपान्यांकडेही वेगळं आहेच, ते नव्याने सुरू झालं म्हणून १२६४ ला नेंगो बदलला होता. आणि सन अरबी म्हणून टाकायचा तर पेशवे दफ्तरही टाका, तिथे शुहूर सन, आकडेसुद्धा इसन्ने (दोन), सलास (तीन) असे अरबी, आणि वर्ष मात्र मृगाला सुरू!

चहाबाज: पण एवढ्या लवकर बदललं का?

पानगळ: अक्षरांचा अर्थ ‘पंचांग’ आणि ‘दया’, पण उच्चार ‘माणसं उणी’ असा कानावर पडतो. लोक कुजबुजायला लागले, अपशकुन म्हणून बदललं.

चहाबाज: हे भारी. माझा जन्म ८६ च्या दिवाळीतला, पंचांगात संवत्सर क्षय. आजी कायम ‘अक्षय’च म्हणायची, पत्रिकेतही तसंच लिहून घेतलं तिने.

शुद्धमती: काही पंचांगांत अक्षयच छापतात. आजी बरोबर.

बखरबहाद्दर: छापतात कारण क्षय छापलं तर पंचांग घेणार कोण?

खडूफळा: ते राहू द्या, ‘ऱ्याकुनिन’ की ‘रियाकुनिन’? ‘दऱ्या’तला ऱ्या असताना तो ‘रिया’ कशाला?

शुद्धमती: हिंदीवाल्यांना तो ऱ्या येत नाही म्हणून आपणही सोडायचा का?

पानगळ: अहो, नेंगोचं काय?