मदत हवी आहे: मल्टिपल स्क्लेरोसिस, किटो आहार आणि प्रतिकारशक्ती

नमस्कार,

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण पोखरते. तिला दर सहा महिन्यांनी सलाइनमधून रिटुक्सिमॅब दिले जाते. त्याने रक्तातील बी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी होतात, त्यामुळे घरात कोणाला सर्दी झाली तरी आम्ही धास्तावतो. आता तिने किटो आहाराचे, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि मेद भरपूर अशा आहाराचे, मनावर घेतले आहे. न्यूरॉलॉजिस्ट मॅडमचा विरोध नाही. मात्र औषध थांबवायचे नाही आणि आहारतज्ज्ञांशिवाय सुरुवात करायची नाही, असे त्यांनी बजावले आहे.

हा आहार १९२१ पासून मूलतः अपस्मारासाठी वापरला जातो, दाहाचा (इन्फ्लमेशनचा) मुद्दा बराच नंतरचा. कर्बोदके तोडली की यकृत मेदापासून कीटोन तयार करते. त्यांपैकी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन पेशींमध्ये दाह भडकवणाऱ्या एनएलआरपी३ या प्रथिनसंचाला अडवतो, असे येल विद्यापीठातील विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. पण ते प्रयोग उंदरांवर आणि प्रयोगशाळेतील मानवी पेशींवर झाले होते. प्रत्यक्ष रुग्णांचे म्हणाल, तर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०२२ मधील अभ्यासात याच आजाराच्या ६५ रुग्णांनी सहा महिने किटो आहार घेतला आणि त्यांचा थकवा व नैराश्य कमी झाले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे त्यातला किती वाटा वजन उतरल्याचा आणि किती दाह कमी झाल्याचा, हे त्यावरून ठरवता येत नाही.

माझे खरे घोडे अडते ते प्रतिकारशक्तीपाशी. 'किटोने इम्युनिटी वाढते' असे समाजमाध्यमांवर छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील २०२४ च्या अभ्यासात २० जणांना दोन-दोन आठवडे वीगन आणि किटो आहार दिला होता आणि किटोनंतर टी व बी पेशींशी निगडित प्रतिकारयंत्रणा अधिक सक्रिय झालेली आढळली. इतरांना ही बातमी गोड वाटेल, पण ज्या बी पेशी आम्ही महागडे औषध देऊन दाबून ठेवतो, त्यांनाच आहाराने चेव येणार असेल तर? की दाह कमी होणे आणि या पेशी सक्रिय होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, परस्परांना बाधा न आणता घडू शकतात? रोगप्रतिकारशास्त्रातील जाणकारांनी यावर कृपया सविस्तर लिहावे.

रिटुक्सिमॅब किंवा तत्सम औषध चालू असताना किटो आहार घेतलेले कोणी येथे असल्यास, संसर्गाचे प्रमाण बदलले का आणि डॉक्टरांनी कोणत्या रक्तचाचण्या किती अंतराने करायला सांगितल्या, हे कळवावे. आईला मूतखड्याचा त्रास आहे आणि या आहारात खडे होऊ शकतात, म्हणून त्याविषयीचा अनुभवही हवा आहे.

शिवाय आम्ही शाकाहारी. व्हर्जिनियाच्या अभ्यासात दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांची मर्यादा होती, आणि ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच ती ओलांडली जाते. वरण, उसळी यांचे तर नावच नको. पनीर, खोबरे, शेंगदाण्याचे कूट आणि पालेभाज्या यांवर प्रथिनांची गरज भागवून महिनोन्‌महिने कोणी निभावले आहे का? अशा रुग्णांना किटो आहार आखून देण्याचा अनुभव असलेले पुण्यातील आहारतज्ज्ञ ठाऊक असतील तर व्यक्तिगत निरोपातून सुचवावे. औषध सोडण्याचे सल्ले कृपया देऊ नयेत.