न्यूजलेटरच्या फॉर्ममधून एका रात्रीत ४३० साइनअप, हे थांबवायचं कसं?

परसबाग_सातारा:
नमस्कार मंडळी. मी परसबाग आणि देशी बियाण्यांवर महिन्यातून दोनदा मराठीत न्यूजलेटर काढते, तीन वर्षं झाली, १८०० च्या आसपास वाचक आहेत, एकेक करून जमलेले, त्यामुळे फार जीव आहे त्याच्यात. साइट वर्डप्रेसवर, खाली छोटा फॉर्म, नाव आणि ईमेल, बास. एरवी आठवड्याला पाच-सहा नवीन लोक येतात. गेल्या मंगळवारी सकाळी बघते तर रात्रीत ४३० नवीन! यादी उघडली तर नावाच्या जागी नुसती कशीही कोंबलेली अक्षरं, काही ठिकाणी रशियन, आणि जीमेलचे पत्ते असे की मध्येमध्ये चार-पाच टिंबं. मला कळायच्या आत अंक त्या सगळ्यांना गेला होता. चार जणांनी स्पॅमचं बटण दाबलं, दोघांनी इंग्रजीत चिडून लिहिलं की आम्ही कधी नाव नोंदवलंच नाही. आता मेल पाठवणाऱ्या सेवेचा इशारा आलाय, तक्रारी वाढल्या तर खातं बंद करू म्हणून. कॅप्चा लावू का? पण माझे कितीतरी वाचक साठीच्या पुढचे आहेत, ते चौकोनात सिग्नल शोधा वगैरे आलं की सोडून देतात. आणि असे खोटे पत्ते टाकून कुणाला मिळतं काय?

रात्रपाळी_डेव्ह:
ताई, आधी डबल ऑप्ट-इन चालू करा, आजच. फॉर्म भरला की त्या पत्त्यावर एकच मेल जातो, आणि त्यातल्या लिंकवरून हो म्हटलं तरच नाव यादीत येतं.

आणि ते पत्ते खोटे नाहीत, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक खऱ्या माणसांचे असतात. कुणाला तरी त्रास द्यायचा असतो म्हणून त्याचा पत्ता बॉट (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम) लावून हजारो उघड्या फॉर्ममध्ये टाकतात, त्यातला एक तुमचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सरकारी पत्त्यांवर असाच मारा झाला होता, सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे ब्रायन क्रेब्स यांच्या इनबॉक्सवरही झाला, आणि तेव्हा स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेने मेल पाठवणाऱ्या मोठमोठ्या सेवांचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) त्या यादीत टाकले, कारण त्यांच्या ग्राहकांचे फॉर्म असेच उघडे होते. तुमची सेवा घाबरलीय ती यामुळे. त्यात जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत, ०.१ च्या खाली ठेवलेल्या बऱ्या. २२३० लोकांच्या यादीत ०.३ टक्के म्हणजे साधारण सात माणसं, आणि तुमची चार झाली.

टिंबांचं म्हणाल तर जीमेलला @ च्या आधीची टिंबं दिसतच नाहीत, त्यामुळे टिंबं इकडेतिकडे केली की तुमच्या यादीत पाच वेगळी माणसं आणि प्रत्यक्षात एकाच माणसाला पाच मेल.

वेलकम मेलमध्ये 'नमस्कार अमुक' असं नाव घालत असाल तर काढा. नावाच्या रकान्यात लोक जाहिरात आणि लिंक लिहितात आणि मग ती तुमच्याच पत्त्यावरून तिसऱ्याच माणसाला जाते.

डोंबिवली_फास्ट९:
डबल ऑप्ट-इन हवंच, पण नुसतं तेवढंच ठेवलं तर कन्फर्मेशनचे मेल त्या बिचाऱ्यांना जातच राहणार ना, म्हणून दारातही काहीतरी पाहिजे. मी तीन साइट्सवर हनीपॉट वापरतो. एक जादा रकाना ठेवायचा, सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) स्क्रीनच्या बाहेर ढकलायचा, माणसाला दिसत नाही, बॉट मात्र भरतो, भरलेला आला की टाकून द्यायचा. सोबत वेळ बघायची, पान उघडल्यापासून दोन सेकंदांच्या आत फॉर्म आला तर तो माणसाचा नाही. ताई, हे दोन्ही प्लगइनमध्ये नुसतं टिक करून मिळतं.

सावली_पुणे:
मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर वाचते. वरच्या हनीपॉटबद्दल कळकळीने सांगते. तुम्ही रकाना डोळ्यांपासून लपवता पण माझा रीडर तो वाचून दाखवतो. 'वेबसाइट' असं ऐकू आलं की मी इमानदारीत वेबसाइट भरते आणि मग फॉर्म मला बॉट ठरवून गप्प बसतो. एका साइटवर मी चार वेळा नाव नोंदवलं, का होत नाही ते कधी कळलंच नाही. तो रकाना रीडरपासूनही लपवा, टॅबने तिथे पोचता येणार नाही असं करा, आणि तरी लेबल 'हा रकाना रिकामा ठेवा' असंच द्या. ऑटोफिलही बंद ठेवा, नाहीतर ब्राउझर स्वतःच भरून टाकतो आणि मग डोळस माणसंही अडकतात. चित्रांचा कॅप्चा तर नकोच, प्लीज.

रात्रपाळी_डेव्ह:
सावली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, माझे फॉर्म आज तपासतो. चित्रं नको असतील तर कॅप्चाच्या जागी क्लाउडफ्लेअर कंपनीचं टर्नस्टाइल बघा, फुकट आहे, बहुतेक लोकांना काही ओळखावं लागत नाही, फार तर एक टिक. फक्त ते पानावर चिकटवून थांबू नका, त्याचं टोकन (तपासणी झाल्याची खूण) सर्व्हरवर तपासलं पाहिजे. बरेच बॉट तुमचं पान उघडतच नाहीत, फॉर्म जिथे जातो त्या पत्त्यावर थेट डेटा फेकतात.

आयपी ब्लॉक करायच्या फंदात पडू नका, मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एका आयपीमागे असतात, चांगली माणसं बाहेर राहतील.

माई_नाशिक:
मी त्या दुसऱ्या बाजूला होते म्हणून लिहिते. मागच्या वर्षी एका दुपारी फोन वाजायचा थांबेना, तीन तासांत नऊशेच्या वर मेल, कुठली कुठली न्यूजलेटरं, जर्मन, पोलिश, काय काय. मी वैतागून सरसकट डिलीट करत सुटले. मुलगा म्हणाला, आई थांब, आधी बँकेचं शोध. त्या ढिगात माझ्या कार्डावरून २८ हजारांची खरेदी झाल्याचा मेल होता. तो मला दिसू नये म्हणून हे सगळं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, बँकेला कळवलं, पैसे परत मिळाले पण दोन महिने झोप नव्हती. ताई, तुमची चूक नाही, पण त्या ४३० मध्ये माझ्यासारखी कुणीतरी असेल.

परसबाग_सातारा:
माई, वाचून पोटात कालवलं. मी इतके दिवस फक्त माझ्या खात्याचा विचार करत होते. डबल ऑप्ट-इन लावलं, मेलमधून नाव काढलं, हनीपॉट सावलीने सांगितला तसा, टर्नस्टाइल उद्या भाऊ लावून देतोय. त्या ४३० जणांना 'तुम्हीच नाव नोंदवलंत का' असं विचारणारा मेल पाठवू का?

रात्रपाळी_डेव्ह:
नको, त्यांना आता एकही मेल नको. त्या एका रात्रीत आलेले सगळे काढून टाका, त्यात चुकून कुणी खरं असेल तर ते परत येईल. आणि कन्फर्मेशनची लिंक उघडली की लगेच नोंद करू नका, पानावर एक बटण ठेवा, कारण ऑफिसातले मेल स्कॅनर लिंका आपोआप उघडून बघतात आणि माणसाने हात न लावताच 'हो' होऊन जातं.