मत न देणाऱ्यांना दंड लावावा का?

कट्टेकरी:
2024 च्या विधानसभेला कुलाब्यात मतदान झालं जेमतेम 44 टक्के. त्याच वर्षी लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये 70 च्या वर, तेही काही भागात दुपारी तीनलाच केंद्रं बंद होत असताना. ऑस्ट्रेलियात 1924 पासून मतदान सक्तीचं आहे, न गेल्यास 20 डॉलर दंड. आपल्याकडेही वीजबिलात 500 रुपये लावा, बघा कशा रांगा लागतात.

बीडचा बाप्या:
कुलाब्याचा फ्लॅटवाला 500 रुपये टिप दिल्यासारखे देईल. दंड बसंल आमच्या लोकांना. विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. साखर कारखान्यांचा हंगाम त्याआधीच सुरू झालेला, बरेच कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असलेला माणूस उसाचा फड सोडून मतासाठी येणार कसा? उमेदवारानं गाडी पाठवली तरच. मग मत त्याचं की गाडीवाल्याचं?

कट्टेकरी:
ऊसतोडवाल्यांना सूट द्या, हरकत नाही. मी बोलतोय लोणावळ्याला पळणाऱ्यांबद्दल.

तिरपागडे:
सूट कुणाला ते ठरवणार कोण, तलाठी? गुजरातनं स्थानिक निवडणुकांसाठी हीच सक्ती आणली होती, 2015 मध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली. मत न देणं हाही हक्कच आहे.

कट्टेकरी:
त्यासाठी 2013 पासून नोटा, म्हणजे ‘यापैकी कुणीही नाही’चं बटण, आहे की! केंद्रावर जा आणि ते दाबा.

मुलुंडची मावशी:
नोटा पडून उपयोग काय, लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालोखाल मतं मिळवणारा निवडून येतोच. आणि सगळेच काही लोणावळ्याला नव्हते हो. 20 मे 2024 ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं तेव्हा आम्ही भर उन्हात उभे. रांग हलेना. पुढे गेल्यावर कळलं, मोबाइल आत चालणार नाही. ठेवायचा कुठे? शेजारीण घरी ठेवायला गेली ती परत आलीच नाही. तिला आळशी म्हणायचं का?

कट्टेकरी:
मावशी, गैरसोय मान्य. पण मतदानाला भरपगारी सुट्टी मिळते, कायदाच आहे तसा.

बीडचा बाप्या:
आहे ना! ती न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये. फडावर कोण बघायला येतंय?

तिरपागडे:
आणि मुंबई महापालिकेचं काय? मुदत संपली मार्च 2022 मध्ये, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. तो दंड कुणाच्या वीजबिलात लावायचा?