यूएपीएतील जामिनाची अट आणि न संपणारे खटले

चर्चाप्रस्ताव

बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ४३ड (५) नुसार केस डायरी आणि आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार आहे असे न्यायालयाचे मत झाले, तर आरोपीला जामीन देता येत नाही. नुसती वाचली तर ही तरतूद फारशी वावगी वाटत नाही. परंतु त्या टप्प्यावर न्यायालयापुढे असलेली कागदपत्रे तपास यंत्रणेनेच तयार केलेली असतात, एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ मधील वटाली निकालानंतर जामिनाच्या सुनावणीत त्या पुराव्याचे बारकाईने मूल्यमापन करण्याची वाटही जवळपास बंद झाली.

एवढे असूनही खटला वर्ष-दीड वर्षात निकाली निघत असता, तर मी हा विषय मांडला नसता. एल्गार परिषद प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झालेल्या व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला, तेव्हा जवळपास पाच वर्षे लोटली होती आणि आरोपही निश्चित झाले नव्हते. त्याच प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, त्यांना पार्किन्सनचा आजार होता. जामिनाचा प्रश्न उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ते दोषी होते की निर्दोष, याचा निकाल आता कधीही लागणार नाही, आणि मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

माझे म्हणणे कायदाच रद्द करा असे नाही. २००२ च्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्यातही जामिनाची अट कठोर होती, पण अटकेला एक वर्ष झाल्यावर आरोपीला सर्वसाधारण नियमांनुसार जामीन मागता येईल, असा त्या तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये लावला होता. यूएपीएच्या कलमात अशी मुदतच नाही. ती घालावी, एवढीच मागणी आहे.

प्रतिसाद १

मी या मताशी सहमत नाही. ४३ड हे कलम २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने आणले, आणि त्यामागे प्रत्यक्ष अनुभव होता. दहशतवादाच्या गुन्ह्यातील आरोपी बहुधा एकटा नसतो. त्याच्यामागे संघटना, पैसा आणि शस्त्रे असतात. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतील जांभूळखेडा येथे भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. ज्या भागात खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून गावकऱ्यांचे खून पाडले जातात, तिथे आरोपी ठरावीक मुदतीनंतर बाहेर येणार हे माहीत असताना साक्ष द्यायला कोण पुढे येईल? त्या गावकऱ्यालाही राज्यघटनेचा अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा हक्क, लागू आहे.

शिवाय यूएपीए हा टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यापेक्षा किंवा पोटापेक्षा कठोर आहे, हेही पूर्णपणे खरे नाही. त्या दोन्ही कायद्यांत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता. यूएपीएत तसे नाही. राहिला विलंबाचा प्रश्न, तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या नजीब निकालाने त्याची सोय केलेली आहे: खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर ४३ड (५) असूनही घटनात्मक न्यायालये, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात. मग कायद्यात बदल कशासाठी?

प्रतिसाद २

विलंब फक्त यूएपीएत आहे, असे चित्र उभे राहू नये. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले कैदी, होते. त्यांतले बहुसंख्य साध्या गुन्ह्यांतले आणि गरीब आहेत, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. न्यायाधीशांच्या रिक्त जागा भरल्याशिवाय कलमाची भाषा बदलून काही साधेल, असे मला वाटत नाही.

मूळ प्रस्तावक

रिक्त जागांचा मुद्दा मान्य आहे. फरक एवढाच की, साध्या गुन्ह्यातील बंद्याला मुदतीच्या आधारे सुटण्याचा मार्ग कायद्यात निदान लिहिलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ तुरुंगात काढलेल्याला जामीन मागता येतो. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते कलम लागू नाही, आणि यूएपीएतील गंभीर आरोप नेमके तेथेच येतात.

पहिल्या प्रतिसादात मुंबई हल्ल्याचा दाखला आहे, म्हणून त्याच खटल्याकडे पाहू. शेकडो साक्षीदार असूनही विशेष न्यायालयाने ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवले, म्हणजे हल्ल्यानंतर दीड वर्षाच्या आत. राज्यसंस्थेने मनावर घेतले तर अतिशय गंभीर खटलाही वेळेत चालतो, आणि साक्षीदाराचे खरे संरक्षणही त्यातच आहे, कारण पाच वर्षांनी साक्ष देणाऱ्याची स्मृती आणि धैर्य दोन्ही ओसरलेले असतात. नजीब निकालाचेही तपशील पाहावेत: त्यातील आरोपी नजीब पाचहून अधिक वर्षे तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. एवढा काळ गेल्यावर आणि तोही खंडपीठाच्या विवेकावर मिळणारा दिलासा म्हणजे हक्क नव्हे. एका पीठासमोर तीन वर्षे पुरेशी ठरतात आणि दुसऱ्यासमोर पाचही पुरत नाहीत, अशा स्थितीत अनुच्छेद १४ चे, म्हणजे कायद्यापुढील समानतेचे, काय होते?

प्रतिसाद १

कसाबच्या खटल्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. मुदत असावी, इथपर्यंत मी येऊ शकतो; पण ती आरोपनिश्चितीपासून मोजावी आणि आरोपीच्या स्वतःच्या अर्जांमुळे गेलेला वेळ त्यातून वगळावा.

मूळ प्रस्तावक

आरोपीने मुद्दाम लांबवलेला वेळ वगळण्यास माझी हरकत नाही. पण मुदत अटकेच्या दिवसापासूनच मोजायला हवी. आरोपनिश्चितीपासून मोजली असती, तर वर सांगितलेल्या दोघांच्या बाबतीत जवळपास पाच वर्षे तुरुंगात काढल्यावरही मुदतीचा पहिला दिवस उजाडला नसता.