मदत हवी आहे: १९५१ ची शेवरोले पिकअप बॉनव्हिलच्या मिठावर पळवायची आहे

लेथवाली

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात इथे मायलेज, सनरूफ आणि "डिझेल घेऊ की हायब्रिड" हेच जास्त चालतं. माझं दुखणं जरा वेगळं आहे. पण जुन्या इंजिनांत हात काळे केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

मी युटामध्ये ऑग्डेनला राहते आणि एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. लेथ, मिलिंग, टिग वेल्डिंग हे रोजचं काम. अख्खी गाडी बांधणं मात्र नवीन. शेजारच्या एका निवृत्त शेतकऱ्याकडून १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप घेतली आहे. केबिन शाबूत आहे, हौद्याच्या लाकडी फळ्या कुजल्यात. आतलं इंजिन मूळचं, ओळीतल्या सहा सिलिंडरचं २१६ घनइंची. कंपनीच्या कागदावर ९२ हॉर्सपॉवर. सोबत त्यांच्या शेडमध्ये पडलेलं एक जीएमसी ३०२ पण मिळालं. हे पन्नासच्या दशकातल्या लष्करी ट्रकमधलं, तेही सहा सिलिंडर. ब्लॉक आणि क्रँक दोन्हींची तडे-तपासणी करून घेतली, ठीक आहेत.

बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स इथून दोन-सव्वादोन तासांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैलोन्‌मैल सपाट मिठाचं पठार. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन तिथे १९४९ पासून ऑगस्टमध्ये स्पीड वीक भरवते. एका वेळी एकच गाडी, सरळ रेषेत, शर्यत घड्याळाशी. बॉडीचा प्रकार आणि इंजिन यांवरून क्लास ठरतो आणि प्रत्येक क्लासचा विक्रम वेगळा. मला विक्रमबिक्रम नको. ताशी १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटर, एवढं या गाडीकडून काढायचं आहे.

आता अडलंय कुठे, तर इंजिनवर. इथले सगळे ओळखीचे म्हणतात, सहा सिलिंडर भंगारात टाक आणि शेवरोलेचं ३५० व्ही-८ बसव, स्वस्त पडेल, पार्ट कुठेही मिळतात. खरं आहे. पण मला ते जुनं इंजिनच चालवायचं आहे. हा नुसता हट्ट आहे की त्यात काही अर्थ आहे? दुसरं, चासीला काय काय करावं लागेल? पुढे आय-बीम अ‍ॅक्सल आहे, चारही बाजूंना पाटे. आणि पैसे मोजके असतील तर सुरुवात कुठून करायची?

भोचक_भवानी

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आमचे हे इनोव्हातून तेवढंच पळवतात, त्यासाठी मीठ कशाला?

(गंमत. फोटो टाका ना.)

डेट्रॉइटकर

लेथवाली ताई, मी इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे आधी आकडे. मी धरलेलं: समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, ड्रॅग गुणांक ०.५ (या गाडीचं नाक म्हणजे उभी भिंत, यापेक्षा कमी धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक), वजन १७०० किलो, आणि मिठावरचा रोलिंग रेझिस्टन्स डांबराच्या दुप्पट-तिप्पट. मग चाकांवर साधारण एवढी ताकद लागते: ११० मैलांना १३५ हॉर्सपॉवर, १२० ला १६५, १३० ला २००. हवेच्या विरोधाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून शेवटचे दहा मैल सगळ्यात महाग.

आता चाकांपासून उलटे इंजिनाकडे या. गिअरबॉक्स आणि हौसिंगमध्ये (मागच्या अ‍ॅक्सलचं, गिअर असलेलं घर) दहा-बारा टक्के जातात. शिवाय बॉनव्हिल ४२०० फुटांवर आहे आणि ऑगस्टच्या उन्हात हवा आणखी विरळ होते. सुपरचार्जर नसलेलं इंजिन तिथे आपली साधारण एक षष्ठांश ताकद सोडून येतं. म्हणजे १२० हवे असतील तर समुद्रसपाटीच्या हिशेबाने इंजिनातून सव्वादोनशे हॉर्सपॉवर निघायला हव्यात. याच हिशेबाने तुमचं २१६ ताशी पंच्याऐंशी मैलांच्या आसपास दमतं. आणि त्यात कनेक्टिंग रॉडला बॅबिटचं (मऊ मिश्रधातूचं) बेअरिंग, तेल डिपरने, म्हणजे रॉडच्या पळीने, उडवून मिळणारं. पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटं ते टिकेल याची खात्री मी देणार नाही. ते इंजिन जपून ठेवा, शोभेला छान आहे.

३०२ ची गोष्ट वेगळी. चार इंच बोअर, चार इंच स्ट्रोक, प्रेशरने तेल. कॉम्प्रेशन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), दोन-तीन कार्बोरेटर आणि हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं) नीट झालं तर सव्वादोनशे गाठता येतं. पण क्रँकला सहा थ्रो (रॉड जोडायचे वाकडे भाग) आणि त्याला धरणारी मेन बेअरिंग चारच. क्रँक लांब, त्यामुळे पीळ बसतो. ५००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर त्याला राहायला लावू नका.

तेव्हा क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी, बदला; शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक, हा तिचा रेशो. सूत्र सोपं आहे: आरपीएम = ताशी मैल × ३३६ × रेशो ÷ टायरचा व्यास इंचांत. तुमच्या हौसिंगमध्ये ४.११ असणार. २८ इंची टायरवर १२० मैलांना ते ५९०० आरपीएम मागेल, म्हणजे तुमचा क्रँक मिठावरच अंथरला जाईल. ३.०० रेशोला तेच ४३०० होतं, आणि मिठावर चाक पाचेक टक्के घसरतं ते धरून साडेचार हजार. इंजिनाची जास्तीत जास्त ताकद याच पट्ट्यात येईल असा कॅम निवडा. आधी रेशो, मग कॅम. लोक हे नेहमी उलटं करतात.

मिठावरचा_दादा

डेट्रॉइटकरांनी इंजिनाचं काम केलं. मी कॅलिफोर्नियात असतो आणि एका मित्राच्या टीममध्ये एल मिराज (तिथलं दुसरं शर्यतीचं मैदान) आणि बॉनव्हिल दोन्हीकडे पाना धरला आहे. म्हणून उरलेलं मी सांगतो.

ताई, जुनं इंजिन हा हट्ट अजिबात नाही. ३५० टाकलंत की तुम्ही सी क्लासमध्ये, म्हणजे ३०६ ते ३७२ घनइंच. तिथे पन्नास-साठ वर्षं घोटून घोटून बनवलेल्या गाड्या आहेत, त्यांच्यापुढे तुम्ही फक्त धूळ, म्हणजे मीठ खाणार. उलट १९६० च्या आधीच्या अमेरिकन, ओळीत सिलिंडर असलेल्या इंजिनांना एक्सओ नावाचा वेगळा वर्ग आहे. मर्यादा ३२५ घनइंच. तुमचं ३०२ साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश) बोअर केलं तरी ३११ च्या आत राहतं. फक्त एक बघा: बाहेरच्या कंपनीचं खास १२ पोर्टचं हेड लावलं तर एक्सएक्सओ मध्ये जाल, तो वर्ग निराळा. मूळ हेडच घासूनपुसून वापरा.

आणि कटर हातात घेण्याआधी नियमपुस्तक विकत घ्या. दरवर्षी नवीन निघतं. छप्पर कापणं, नाकाखाली एअर डॅम (हवा अडवणारी पट्टी), हौद्यावर झाकण, यातलं काय केल्यावर गाडी प्रॉडक्शन पिकअप राहते आणि काय केल्यावर मॉडिफाइड होते, हे त्यात शब्दाशब्दाने दिलंय. निरीक्षकांना इमेलने फोटो पाठवून विचारलं तर ते आनंदाने सांगतात. पण जागेवरचं पासिंग आपल्या आरटीओसारखं नाही हो, एजंट चालत नाही. गॉगल लावलेला सत्तरीचा आजोबा गाडीखाली आडवा होऊन प्रत्येक वेल्ड बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या १९५१ च्या गाडीत पेट्रोलची टाकी कुठे आहे? केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे! शेवरोलेने १९४९ पासून ती तिथे नेली. म्हणजे तुम्ही टाकीभर पेट्रोल पाठीला बांधून १२० मैलांनी जाणार. ती आधी काढा. हौद्यात छोटा फ्युएल सेल (रेसिंगची सुरक्षित टाकी), आणि केबिनची मागची भिंत भोकं बुजवून पूर्ण बंद.

मग रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. पावणेदोन इंचाला थोडा कमी, १-५/८ इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच जाडीची स्टील ट्यूब. केज चासीला धरला पाहिजे, नुसता केबिनच्या पत्र्याला नाही. तुम्ही टिग करता म्हणजे हात साफ असणार. पण वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत करू नका, निरीक्षकाला तो जसा आहे तसा दिसायला हवा. या केबिनमध्ये जागा फार कमी. हेल्मेट घालून सीटवर बसा, डोक्यावर किती उरतं ते मोजा, मगच ट्यूब वाकवा. सीट खाली घ्यावी लागेलच. हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेचं एसए मानांकनाचं, मोटरसायकलचं एम नाही. एसए आगीची चाचणी पास झालेलं असतं. मानेचा पट्टा, अग्निरोधक सूट, केबिनमध्ये अग्निशामक यंत्रणा, प्रोपेलर शाफ्टखाली लूप, बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच. यांचा खर्च तुमच्या इंजिनाइतकाच होणार आहे, तयारी ठेवा.

शाफ्टवरून आठवलं. तुमच्या गाडीत टॉर्क ट्यूब आहे, शाफ्ट नळीत बंद. नवीन हौसिंग घालायचं तर गिअरबॉक्सही उघड्या शाफ्टचा लागेल. ते एकत्रच करा.

पुढचा आय-बीम ठेवा! इथले हॉटरॉडवाले इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवा म्हणतील, त्याची गरज नाही. किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि बुश नवे करा, स्टिअरिंग बॉक्सचा ढिलेपणा काढा, पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) वाढवा म्हणजे गाडी सरळ धरते. मिठावर अपघात म्हणजे बहुतेक वेळा गाडी गरकन फिरणं. रिकामी पिकअप मागून हलकी, त्यात पुढच्या बोनेटखाली हवा भरते. म्हणून वजन घाला. हो, घाला. तीन मैलांचा रस्ता आहे, वेग घ्यायला वेळ भरपूर आहे, पकड कमी आहे. लोखंडी प्लेटा मागच्या अ‍ॅक्सलच्या थोड्या पुढे, चासीला बोल्ट मारून, जेवढ्या खाली जातील तेवढ्या.

लायसन्स लगेच पूर्ण वेगाचं मिळत नाही. नवख्यांना आधी माहितीवर्ग, मग पायरीपायरीने वेग वाढवत नेतात. पहिल्याच फेरीत १२० चा विचार डोक्यात नको.

पेणकर

आमच्या घरी वडिलांपासून मिठाची वाहतूक. उरण-पेण पट्ट्यातल्या मिठागरांवर ट्रक जातात. रेसिंगमधलं मला शून्य कळतं, मीठ कळतं.

ताई, मीठ दिसतं तिथे त्रास देत नाही. ते चासीच्या चॅनलमध्ये, पाट्यांच्या मधे, ब्रेकच्या पाइपवर आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये जाऊन बसतं. ओलं असतानाच गोड्या पाण्याने धुवायचं. वाळलं की खडा होतो आणि मागे ओल धरून ठेवतो. आमच्याकडे गाडी मिठागरातून आली की आधी खालून पाण्याचा मारा, मग बाकीची कामं. जाण्याआधी पाट्यांवर आणि नट-बोल्टांवर ग्रीस, कनेक्टरमध्ये पण ग्रीस. चासीच्या बंद पोकळ्यांत मेणाचं कोटिंग मारून घ्या. नवीन भोकं पाडाल तिथे नागडं लोखंड ठेवू नका. आणि हौद्यात लाकडी फळ्या परत घालणार असाल तर त्यांच्याखाली मीठ साचेल, तेवढं बघा.

मिठावरचा_दादा

पेणकर, तुम्ही चला एकदा आमच्याबरोबर. तिथे उलटाही नियम आहे: पिटमध्ये गाडीखाली ताडपत्री अंथरावीच लागते, तेलाचा थेंब मिठावर पडता कामा नये आणि तंबूच्या खुंट्या मिठात ठोकता येत नाहीत. ते मीठ गेल्या काही दशकांत पातळ झालंय. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन वर्षं स्पीड वीक रद्द झाला होता, पावसाने आणि खराब मिठाने. ताई, हेही हिशेबात धरा, गाडी तयार आणि मैदान नाही असं होऊ शकतं. एल मिराजला मीठ नाही, मातीचा कोरडा तलाव आहे, पण धाव फक्त सव्वा मैलाच्या थोडी वर. तुमच्या गाडीला ती पुरणार नाही.

लेथवाली

एवढं सविस्तर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. भवानी ताई, "यांना" सांगा पुढे कॅमेरा आहे.

टाकीचं वाचून आज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन सीट काढून बघितली. हो, तिथेच आहे, आणि वास पण येतोय. उद्या उतरवते. ३०२ ठरलं. व्ही-८ वाल्यांना आता सी क्लासचा मुद्दा ऐकवीन.

डेट्रॉइटकर, दोन शंका. एक, रेडिएटर ठेवू का? ३०२ मूळ इंजिनापेक्षा लांब आहे, पंखा रेडिएटरला लागतोय. दुसरं, क्रँकला पीळ बसतो म्हणालात, त्यावर उपाय काय? पुढचा बॅलन्सर (क्रँकच्या टोकाची, कंपनं शोषणारी रबरी जोडाची रिंग) मूळचा आहे, रबर कडक झालंय.

डेट्रॉइटकर

रेडिएटर काढलात तरी चालेल. पूर्ण थ्रॉटलवर तुम्ही फार तर दीड मिनिट असाल. तेवढ्यात पाण्यात जाणारी उष्णता साधारण १० मेगाज्यूल. पाण्याला ५० अंश तापू दिलं तर ५० लिटर पाणी ती सहज पोटात घेतं. हौद्यात ६० लिटरची टाकी, तिथून पंपाने फिरवा. पंख्याची अडचण संपली आणि दादांनी सांगितलेल्या वजनातलं ६० किलो फुकटात मागच्या बाजूला आलं. मात्र टाकीच्या आत आडवे पडदे घाला, नाहीतर पाणी हिंदकळेल. रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवा.

बॅलन्सर तसाच अजिबात वापरू नका. सत्तर वर्षांचं रबर म्हणजे बाहेरची रिंग हबवर सरकणार, आणि ती सरकली की बॅलन्सर नुसतं लोखंड. नव्याने रबर भरून देणारे आहेत, त्यांच्याकडून करून घ्या. बसवल्यावर हब आणि रिंग दोन्हींवरून एकच सलग पांढरी रेघ मारा. प्रत्येक फेरीनंतर बघा. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी पुढची फेरी नाही.

लेथवाली

कळलं. मग क्रम असा: टाकी बाहेर, केज, पुढचा अ‍ॅक्सल, हौसिंग आणि गिअरबॉक्स, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. केजची ड्रॉइंग झाली की इथे टाकते. दादा, वाकवण्याआधी नजर टाकाल का?

मिठावरचा_दादा

टाका. केबिनची आतली मापं आणि सीटवर हेल्मेट घालून बसलेला बाजूने काढलेला फोटो पण.

पेणकर

आणि हौद्याखालचा एक.